ब्लूइंगवर उमटलेले बोटांचे ठसे

प्रश्न : गेली दोन वर्षे मी .२२ बोअरचे टार्गेट पिस्तूल वापरतो. त्याची स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) आणि नळी ब्लूइंग केलेल्या पोलादाची, फ्रेम काळे ॲनोडायझिंग केलेल्या ॲल्युमिनियमची आणि ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची आहे. हवा दमट झाल्यापासून स्लाइडच्या मागच्या खाचांजवळ तांबूस ठिपके दिसू लागले आहेत. ग्रिप उतरवून पाहिली तेव्हा आतल्या एका पोलादी पट्टीवरही गंज दिसला. फ्रेमच्या कडांवरचा काळा रंग जाऊन तेथे पांढरट चमक आली आहे. प्रत्येक सरावानंतर मी पिस्तूल कोरड्या फडक्याने पुसतो, त्यावर थोडे तेल लावतो आणि केसमध्ये ठेवतो. तरीही असे का व्हावे? रेंजवरच्या एका सहकाऱ्याने धातू उजळण्याची पेस्ट लावायला सांगितले, दुसऱ्याने डब्ल्यूडी-४० फवारून तसेच ठेवायला सांगितले आणि तिसऱ्याने कोल्ड ब्लूची, म्हणजे पोलाद न तापवता काळे करणाऱ्या द्रावणाची बाटलीच हातात दिली. यांतले नेमके काय करावे? तसेच माझ्या मुलीचे १० मीटरचे एअर पिस्तूल घरी आहे. माझ्या पिस्तुलाचे तेल तिच्या पिस्तुलाला चालेल का?
– एक नेमबाज वाचक

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती करतो. हे उत्तर वाचून होईपर्यंत ती पेस्ट आणि कोल्ड ब्लूची बाटली कपाटातच राहू द्या. ठिपक्यांवर आज रात्री तेलाचे बोट फिरवून ठेवले, तर आठवडाभर थांबल्याने पिस्तुलाचे काही बिघडणार नाही. पेस्टने एकदा घासून काढलेले ब्लूइंग मात्र परत येत नाही. तुमच्या तिन्ही सहकाऱ्यांनी आपुलकीनेच सल्ला दिला असेल, पण ब्लूइंग म्हणजे काय हे ठाऊक असल्याशिवाय त्या सल्ल्यांतला धोका लक्षात येत नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

ब्लूइंग हा वरून दिलेला रंग नसतो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षार यांच्या, सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रावणात पोलादाचा भाग बुडवला, की त्याच्या पृष्ठभागावरचेच लोखंड मॅग्नेटाइट नावाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये बदलते. मॅग्नेटाइट हा तांबड्या गंजाचा भाऊबंदच म्हणायला हवा. फरक असा, की तांबडा गंज फुगतो, भुसभुशीत होऊन सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा हवेसमोर उघडे पाडतो, तर मॅग्नेटाइट दाट बसतो आणि धातूला धरून राहतो. या थराची जाडी साधारण एका मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. शिवाय त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. त्यामुळे ब्लूइंग एकटे गंजाला फार काळ अडवू शकत नाही. त्या छिद्रांत आणि पृष्ठभागावर धरून ठेवलेला तेलाचा पातळ पापुद्रा हेच खरे संरक्षण असते. धातू उजळण्याच्या पेस्टमध्ये अपघर्षक भुकटी असते आणि ती एक मायक्रॉनचा थर काही मिनिटांत पुसून टाकते. ठिपका जातो हे खरे, पण ठिपक्याभोवतीचे चांगले ब्लूइंगही त्याच्याबरोबर जाते आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या पोलादावर पुढच्या दमट आठवड्यात पूर्वीपेक्षा मोठा डाग येतो.

आता ठिपके नेमके कोठे आले आहेत ते नीट पाहा. तुम्ही एका हाताने नेम धरता आणि स्लाइड मागे ओढण्यासाठी दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मागच्या खाचांवर दाबता. ठिपके तेथेच आले आहेत. भिंग घेऊन चांगल्या उजेडात त्यांच्याकडे पाहिलेत, तर ते विखुरलेले नसून कमानदार ओळींत बसलेले आढळण्याची बरीच शक्यता आहे, कारण त्या ओळी तुमच्या बोटांच्या रेषांच्या आहेत. घामात मीठ असते आणि लॅक्टिक आम्लही असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. त्यामुळे कोरड्या दिवसांत जो ठसा दिसतही नाही, त्याच ठशाच्या रेषांवर दमट रात्री खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि सकाळपर्यंत लोखंडाला लागतात. प्रत्येकाचा घाम सारखा नसतो. काही नेमबाजांच्या हातांनी पोलाद एका रात्रीत तांबडे होते आणि काहींना वर्षानुवर्षे त्रास होत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या पिस्तुलाला गंज चढत नाही म्हणून आपली काही चूक होत असेल असे समजण्याचे कारण नाही.

तुम्ही पुसता आणि तेलही लावता, तरी असे का झाले याचे उत्तर माझ्या मते येथेच आहे. मीठ तेलात विरघळत नाही. कोरडे फडके ते पसरवते, आणि वरून लावलेले तेल त्याला झाकून ठेवते. म्हणून कोरड्या फडक्याच्या आधी एक पायरी वाढवा. मऊ सुती कापडाचा एक कोपरा डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करा, इतकाच की पिळल्यास थेंब पडू नये. त्या कोपऱ्याने हाताचा स्पर्श झालेले पोलादी भाग पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या, दोन-तीन मिनिटे उघड्यावर राहू द्या आणि मगच तेलाचे फडके फिरवा. पिस्तुलाला पाणी लावण्याची कल्पना अनेकांना पटत नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही ती पहिल्यांदा पटली नव्हती. परंतु मिठाला उचलणारे पाणीच आहे, आणि दमभर ओलसर कापड लागून लगेच कोरडे झालेल्या पोलादाला त्याने इजा होत नाही.

दुसरा संशय तुमच्या केसवर आहे. केसमधला फोम हवेतला आणि कापडावरचा ओलावा शोषतो आणि झाकण बंद झाले, की तो धातूला चिकटवून धरतो. माझ्या एका पिस्तुलाच्या नळीवर मी हे स्वतः पाहिले आहे. अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे असलेल्या फोममध्ये ते पिस्तूल सलग तीन आठवडे बंद राहिले. बाहेर काढले तेव्हा नळीच्या एका कुशीवर सारख्या अंतराने तांबूस टिकल्यांची रांग उठली होती. जेथे जेथे फोमचा उंचवटा टेकला होता तेथे टिकली होती आणि मधल्या खळग्यांसमोरचे ब्लूइंग अगदी स्वच्छ होते. तेव्हापासून केस फक्त ने-आण करण्यापुरती वापरतो. घरी पिस्तूल कुलूपबंद लोखंडी कपाटात, कापडी आवरणाशिवाय, हवा लागेल असे ठेवतो. चामड्याच्या म्यानातही ते ठेवू नये, कारण चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात उरलेले असतात. कपाटात सिलिका जेलची पुडी आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा. काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला तर निर्धास्त असावे, ६० च्या पुढे सतत राहू लागला तर पुडी बदलावी किंवा मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरावी. आणखी एक सवय लावून घ्या. वातानुकूलित रेंजमधून दमट हवेत आलात किंवा थंडीतून उबदार घरात आलात, तर केस लगेच उघडू नका. धातू थंड असताना त्यावर दव धरते. तासाभरात केसच्या आतले आणि बाहेरचे तापमान बरोबरीला आले, की मग उघडून पुसावे.

आता प्रत्यक्ष ठिपके काढण्याकडे वळतो. मॅगझीन काढा, स्लाइड मागे घेऊन चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहा आणि करंगळीच्या टोकाने चाचपून पाहा. काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. हे तुम्ही रोज करत असाल, तरी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हातांत नायट्राइलचे पातळ मोजे घाला. त्याने दोन कामे होतात. ताजे ठसे उमटत नाहीत, आणि .२२ च्या गोळीचे शिसे व काडतुसाच्या कडेत भरलेल्या पेटवण्याच्या मिश्रणातली शिशाची काजळी हाताला लागत नाही. खाण्याच्या टेबलावर हे काम करू नये आणि शेवटी हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

पिस्तुलाच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेवढेच भाग सुटे करा, ग्रिप उतरवा, आणि ठिपक्यांवर पातळ खनिज तेलाचे थेंब ठेवून रात्रभर सोडा. तेल भुसभुशीत गंजात झिरपते आणि त्याची पकड सैल करते. दुसऱ्या दिवशी जाडसर सुती कापडाने एकाच दिशेने, दाब न देता पुसत राहा. पुष्कळसा गंज एवढ्यानेच कापडावर येतो. उरलेल्या ठिपक्यासाठी दात कोरण्याची लाकडी काडी तेलात बुडवून तिच्या टोकाने ठिपक्यापुरतेच घासा. त्यानेही हलला नाही तर पितळेची किंवा ब्राँझची अगदी बारीक लोकर तेलासह वापरा, कारण हे धातू मॅग्नेटाइटहून मऊ असतात आणि त्यामुळे ब्लूइंगला कमी लागतात. अनेक कारागीर ०००० क्रमांकाची पोलादी लोकर तेलात भिजवून वापरतात आणि जपून वापरली तर तीही चालते, मात्र आधी ग्रिपखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर ती करून पाहावी, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ती मुळीच लावू नये.

या कामात कापडाचा रंग हा तुमचा मार्गदर्शक आहे. कापड तांबूस येत आहे तोवर गंज निघतो आहे. ते तांबूस यायचे थांबले, की हात थांबवावा, ठिपक्याची खूण दिसत असली तरीही. तेथे जी राखाडी टिकली किंवा सुईच्या टोकाएवढा खळगा दिसतो, तो गंज नसून गंजाने खाऊन टाकलेली जागा असते, आणि घासून ती भरून निघत नाही. बहुतेक लोक याच टप्प्यावर हट्टाला पेटतात आणि नखाएवढ्या डागापायी अंगठ्याएवढे ब्लूइंग घालवतात. व्हिनेगर, लिंबाचा रस आणि बाजारात मिळणारी गंज काढण्याची द्रावणे यांपासूनही दूर राहा. फॉस्फरिक आम्लाची द्रावणे गंज आणि ब्लूइंग यांत भेद करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोन्ही लोखंडाचे ऑक्साइडच असते, आणि ती दोन्ही विरघळवतात.

कोल्ड ब्लूची बाटली मी पूर्णपणे नाकारणार नाही, पण तिच्याकडून अपेक्षा माफक ठेवावी. नावात ब्लू असले तरी ती प्रक्रिया वेगळी आहे. त्या द्रावणांत बहुधा सेलेनियमची संयुगे आणि तांब्याचे क्षार असतात, आणि पोलादावर त्यांचा गडद थर बसतो. तो मूळ ब्लूइंगइतका टिकाऊ नसतो, त्याची छटा शेजारच्या रंगाशी क्वचितच जुळते, आणि लावल्यावर द्रावण नीट धुऊन, वाळवून, तेल लावले नाही तर त्याच जागी नव्याने गंज धरतो. एखादा ओरखडा किंवा साइटची (नेम धरण्यासाठी वर बसवलेल्या भागाची) चकाकणारी कड काळी करण्यासाठी कापसाच्या बोळ्याने टिपूसभर लावायला ते ठीक आहे. संपूर्ण स्लाइडवर फिरवाल तर ढगाळ, चट्टेदार रंग पदरी पडेल. सेलेनियमची संयुगे विषारी असल्यामुळे मोजे घालूनच आणि खिडकी उघडी ठेवूनच बाटली उघडा.

फ्रेमवर मात्र कोल्ड ब्लूचा काहीच उपयोग नाही, कारण ती ॲल्युमिनियमची आहे. कोणता भाग कशाचा आहे याची शंका आली, तर लहानसे चुंबक टेकवून पाहा. ब्लूइंग केलेल्या पोलादाला ते चिकटते, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. फ्रेमच्या कडांवर जी पांढरट चमक दिसते ती गंजाची नाही. ॲनोडायझिंग हा ॲल्युमिनियमच्या स्वतःच्या ऑक्साइडचा, रंग शोषलेला कठीण थर असतो. कडांवर तो सततच्या घासण्याने झिजला आहे, आणि खालचा उघडा धातू हवेत आपला पातळ ऑक्साइड लगेच तयार करून घेतो. ती झीज पसरत जाणार नाही. डोळ्यांना खुपत असेल तर काळ्या पक्क्या मार्करने कड रंगवा, नाहीतर तशीच राहू द्या. मी तशीच राहू देईन. जपायचे ते एवढेच, की तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही या थराला खातात, त्यामुळे भांडी घासण्याची पावडर, चूल-भट्टी साफ करण्याचे फवारे किंवा सोड्याचे पाणी फ्रेमला लागू देऊ नये. ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनर ॲनोडायझिंगला इजा करत नाही, पण साइटच्या खुणांमध्ये भरलेला पांढरा रंग आणि प्लॅस्टिकचे भाग त्याने खराब होतात. त्या खुणा गेल्यावर साइट सरकवणारा स्क्रू किती क्लिक फिरवला हे मोजणे किती त्रासाचे होते, हे तुम्हाला सांगायला नको.

डब्ल्यूडी-४० बद्दल तुम्ही विचारले आहे. १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलेले हे मिश्रण आहे, आणि त्याचे नावही ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आणि चाळिसाव्या प्रयत्नावरून पडले आहे. पिस्तूल पावसात भिजले तर पाणी हटवायला ते उत्तम. परंतु त्यातला बराच भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो, आणि मागे राहणारा पापुद्रा पातळ असतो, त्यामुळे आठवडाभराच्या रक्षणासाठी त्यावर विसंबू नये. फवारून तसेच ठेवण्यात दुसरे नुकसान असे, की फवारा जेथे नको तेथे जातो. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे २५ मीटरच्या पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान १००० ग्रॅम वजन पेलावे लागते, आणि तुम्ही तो त्या मर्यादेच्या जवळ, ठरावीक जाणीव येईल असा बसवून घेतलेला असतो. त्याच्या घर्षणपृष्ठांवर नको ते तेल गेले आणि पुढे काजळी मिसळून घट्ट झाले, की ती जाणीव बदलते. म्हणून तेल पिस्तुलावर न फवारता फडक्यावर घ्यावे. तळहाताएवढ्या सुती कापडाला चार-पाच थेंब पुरतात. कापड हाताला तेलकट लागावे आणि पिस्तूल तेलकट दिसू नये, इतकेच प्रमाण असावे. शस्त्रांसाठीचे कोणतेही चांगले गंजरोधक तेल चालेल. शिवणयंत्राचे शुद्ध खनिज तेलही अडीअडचणीला चालते. स्वयंपाकाची तेले मात्र हवेत हळूहळू घट्ट होऊन चिकट राळ बनतात, त्यामुळे ती लावू नयेत.

हाताचा घाम जास्त खारा असेल तर तेलाऐवजी मेण लावणे अधिक टिकाऊ ठरते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत पुराणवस्तूंसाठी तयार झालेले रेनेसाँस वॅक्स किंवा तत्सम मायक्रोक्रिस्टलाइन मेण घ्या. पृष्ठभाग द्रावकाने पूर्ण तेलमुक्त करून, बोटाला लागेल एवढेच मेण पातळ पसरवा आणि लगेच मऊ कापडाने पुसून काढा. बोट फिरवल्यावर त्याची रेघ दिसत असेल तर थर जाड झाला आहे. स्लाइड ज्या पट्ट्यांवरून सरकते तेथे मेण नको, तेथे तेलच हवे. तुमच्या ग्रिपखालच्या पोलादी पट्टीसाठी मात्र मेणासारखा दुसरा उपाय नाही, कारण तेथे तेल लावले तर लाकूड ते पिऊन टाकते.

टार्गेट पिस्तुलाच्या फिनिशची काळजी घेणे हे केवळ दिसण्यासाठी नसते, आणि हे सर्वांत स्पष्टपणे साइटवर कळते. पुढची साइट, जिला जुने लोक माशी म्हणतात, आणि मागची खाच या दोन्हींचा काळेपणा नेमबाजाच्या डोळ्याला धारदार कडा दाखवण्यासाठी असतो. माशीच्या वरच्या कडेचे ब्लूइंग झिजून ती चकाकू लागली, की वरून पडणाऱ्या प्रकाशात ती कड टार्गेटच्या पांढऱ्या भागात मिसळून जाते. डोळ्याला माशी आहे त्याहून बुटकी भासते, हात तिला नकळत उचलतो आणि शॉट वर जाऊ शकतो. तेलानेही हेच होते. खाचेच्या कोपऱ्यात तेलाचा इवलासा थेंब अडकला, तर चौकोनी कोपरा गोल दिसतो आणि माशीच्या दोन्ही बाजूंना सुटणाऱ्या प्रकाशाच्या फटी सारख्या आहेत की नाहीत, हे ठरवणे अवघड होते. म्हणून घरी ठेवताना साइटलाही तेलाचा हात लावावा, पण रेंजवर पहिल्या शॉटपूर्वी कागदी काडीने किंवा कोरड्या कापडाच्या टोकाने दोन्ही साइट पूर्ण कोरड्या कराव्यात. त्या चकाकत असतील तर त्यांच्यासाठी मिळणारा काळा मॅट फवारा मारावा, बाकी पिस्तूल कापडाने झाकून. पूर्वी कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरत असत, आणि तिच्याइतका निर्जीव काळा रंग मी दुसरा पाहिलेला नाही. काजळी असो वा फवारा, सराव संपल्यावर तो काढून, तेल लावूनच साइट ठेवावी, कारण असले थर ओलावा धरतात.

ग्रिपचा प्रश्न लाकडाचा आहे. अक्रोडाचे लाकूड हाताचा घाम शोषते, आणि तुम्ही सरावानंतर पिस्तूल लगेच बंद केले, की तो ओलावा आतल्या धातूला मिळत राहतो. सरावानंतर किमान तासभर पिस्तूल उघड्यावर राहू द्या आणि महिन्यातून एकदा ग्रिप उतरवून आतली बाजू पाहा. लाकूड कोरडे, फिकट दिसत असेल तर आतून आणि बाहेरून जवसाच्या तेलाचे अगदी पातळ पूट द्या, दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेले सगळे तेल पुसून काढा, आणि ते पूर्ण सुकेपर्यंत ग्रिप बसवू नका. कच्च्या जवसाच्या तेलाला सुकायला कित्येक दिवस लागतात, म्हणून लाकडासाठी मिळणारे लवकर सुकणारे जवसाचे तेल घ्यावे. हाताच्या आकारासाठी पुट्टी भरलेली असेल तर तिच्या सांध्यांतून तेल आत जाते आणि कालांतराने पुट्टी सुटते, त्यामुळे तेथे हात आवरता ठेवावा. या कामात एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण करते, आणि तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून डब्यात टाकल्या, तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या घराबाहेर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून मग टाकाव्यात.

मुलीच्या एअर पिस्तुलाबाबत माझे उत्तर ठाम आहे. तुमच्या पिस्तुलाचे तेल तिच्या पिस्तुलाच्या बाहेरच्या पोलादी भागावर, फडक्याने आणि नाममात्र लावले तर चालेल. परंतु सिलिंडर, त्याचे आटे, भरण्याचा जोड आणि दाबमापक यांच्या जवळपासही ते जाऊ देऊ नका. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. भरताना हवा वेगाने दाबली जाते, तापते, आणि तेथे खनिज तेल किंवा ग्रीस असेल तर ते पेट घेऊ शकते. रबरी सीलसाठी निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेले वंगणच वापरावे. ते बहुधा सिलिकोनचे असते. नळीत तेल राहिले तर ४.५ मिलिमीटरच्या छर्‍यांचा वेग पहिल्या काही शॉट्सना बदलतो, म्हणून नळीला गंजरोधक तेल लावलेच तर सरावापूर्वी नळीतून फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) कोरड्या गोळ्या ती कोरडी होईपर्यंत सारून काढाव्यात. सिलिंडरवरचा रंगीत थर ओरखडला असेल तर त्याला पॉलिश करू नका, घासू नका, रंग देऊ नका आणि तापवू तर मुळीच नका. धातूत खोल खाच किंवा पोचा दिसला तर तो सिलिंडर रिकामा करून वापरातून काढावा. त्यावर कोरलेली तारीखही आजच वाचून घ्या. अनेक निर्माते दहा वर्षांची मुदत देतात, आणि ती पाळण्याची जबाबदारी स्पर्धेतही नेमबाजाचीच असते.

शेवटी तुमच्या पत्रात न विचारलेला, पण मनात असेल असा प्रश्न घेतो : सगळे ब्लूइंग नव्याने करून घ्यावे का? तुम्ही वर्णन केलेल्या ठिपक्यांसाठी मी ते करणार नाही. नवे ब्लूइंग देण्यापूर्वी कारागिराला जुना थर काढून पोलाद पुन्हा घासावे लागते. त्यात कडांची धार गोल होते, कोरलेले क्रमांक आणि अक्षरे उथळ होतात, आणि जिच्यावर साइट बसते ती पृष्ठरेषाही बिघडू शकते. पुढे कधी करायचेच झाले तर टार्गेट पिस्तुलांचे काम केलेल्या परवानाधारक कारागिराकडेच द्या, आणि फ्रेम कशाची आहे ते त्याला आवर्जून सांगा, कारण ब्लूइंगचे तप्त कॉस्टिक द्रावण ॲल्युमिनियम विरघळवते. तोवर एवढेच करा. ठिपके काढून झाल्यावर स्लाइडच्या दोन्ही बाजूंची जवळून छायाचित्रे काढून ठेवा, आणि तीन महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढून शेजारी ठेवून पाहा. टिकल्या तेवढ्याच असतील तर ओलसर कापडाची ती वाढीव पायरी तुमच्या हाताला पुरेशी आहे. नव्या दिसल्या तर तेल सोडून मेणाकडे वळा आणि तरीही थांबल्या नाहीत तर मला पुन्हा लिहा, सोबत कपाटातल्या आर्द्रतामापकाचे आकडेही कळवा.